दुकानाचं मयत आणि आंब्याचा गजभर पाव

लिंडवेल्डे गावात कागदावर केलेली सही मोडता येते. वकील गाठायचा, चार खेटे घालायचे, मोडते. पण शेजाऱ्याच्या हातात हात दिला की तो काही सुटत नाही. नवा माणूस राहायला आला की त्यानं आळीला बोलवायचं, बिअर पाजायची आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या पहिल्या शेजाऱ्याचा हात हातात घ्यायचा. त्या घटकेपासून याच्या घरचं बरंवाईट त्याचं आणि त्याच्या घरचं याचं. बाळंतपण आलं तर पहिला शेजारी पाणी तापवणार. माणूस गेलं तर तोच दारोदार सांगत फिरणार, तोच मयताची कॉफी करणार आणि घर सावरेपर्यंत गुरांना वैरणही तोच घालणार. भांडण असलं तरी. भांडण असलं तर जरा जास्तच, कारण मग सगळं गाव बघत असतं.

बासला हे कोणी उलगडून सांगितलं नव्हतं. तो समुद्राकडचा, रॉटरडॅमचा. तिकडे शेजारी म्हणजे जिन्यात दिसला तर मान हलवायची. तीन वर्षांपूर्वी जुन्या वाण्याच्या जागेवर सुपरमार्केट झालं, त्याचा हा मॅनेजर. खाली दुकान, वर राहायचं घर. कोणीतरी म्हणालं, इथं अशी रीत आहे, की यानं लगेच बिअरचे क्रेट मांडले आणि शेजारच्या द्रिका लॅमरडिंकबाईंचा हात धरून पंपानं पाणी काढावं तसा वरखाली हलवला.

"कळतंय ना रे, काय करतोयस ते?" द्रिकानं विचारलं होतं.

"हो हो, कळतंय की!" बास हसून म्हणाला होता.

काही कळलेलं नव्हतं. पण हात दिला तो दिलाच.

द्रिकाबाई चौऱ्याहत्तरच्या. शाळा सहावीपर्यंत, पुढची सगळी अक्कल गाईंच्या आचळांनी शिकवलेली. तीन मुलं वाढवली, नवरा पोचवला आणि घराच्या पुढच्या खोलीत एक्केचाळीस वर्षं फेअरट्रेडचं दुकान चालवलं. पगार नाही, नफा नाही. मळेवाल्याला त्याच्या घामाचा भाव मिळावा, एवढ्याचसाठी. सुरुवातीला निकाराग्वाची कॉफी यायची, ती इतकी आंबट की पाद्रीबाबा ती प्यायले की प्रवचन निम्म्यावर आणायचे. तरी गावानं ती प्यायली. द्रिका पुढ्यात उभी असेल तर कोणाची बिशाद होती न पिण्याची!

ऑक्टोबरच्या सुरुवातीला युट्रेख्टहून संघटनेचा माणूस आला. असल्या सगळ्या दुकानांना माल पुरवणारं गोदाम त्या संघटनेचं. माणूस गोड बोलणारा, दाढी कोरलेली. त्यानं गल्ल्यावर लॅपटॉप उघडला आणि विक्रीच्या रेघा दाखवायला लागला.

"ही बघा जर्मनी."

रेघ वर चाललेली.

"हे स्वित्झर्लंड. तिकडे तर केळी घ्यायची म्हटली की माणसं फेअरट्रेडचीच घेतात."

"माहितीये. माझी थोरली तिथंच असते," द्रिका म्हणाली. "दर रविवारी फोनवर सांगते."

"हा फ्रान्स, चढतोय. इंग्लंड जरा थबकलंय, पण ते आधीच इतकं पुढे होतं की दम लागणारच."

"तेही माहितीये. धाकटा लीड्सला आहे. पूर्वी चहा, चॉकलेट, साखर, सगळं फेअरट्रेडचा शिक्का बघून घ्यायचा. आता म्हणतो, आई, महागाई आहे, चहापुरतं बघतो. कान उपटलेत मी त्याचे. बरं, आणि आपण?"

"आपणही वर."

"मग तोंड का असं पडलंय तुझं?"

त्या माणसानं दुसरी रेघ दाखवली. ती जिन्यावरून गडगडत आलेल्या बादलीसारखी खाली आली होती. "वरची रेघ सुपरमार्केटांची, बाई. ही आपल्या छोट्या दुकानांची. लोक फेअरट्रेडचा माल पूर्वीपेक्षा जास्त घेतात, फक्त आपल्याकडून घेत नाहीत. गोदाम या महिनाअखेर बंद होतंय."

द्रिकानं त्या रेघेवरून शेवटपर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हणजे गावभर वरात आणि आमच्या दारात तिरडी."

तिनं त्याला कॉफी दिली, सोबत एक बिस्कीट दिलं आणि डब्याचं झाकण लावून टाकलं. अशा बातमीला दुसरं बिस्कीट मिळत नसतं.

आता खरं सांगायचं तर द्रिकाला कॉफीची चिंता नव्हती, केळ्यांची नव्हती, चॉकलेटची तर मुळीच नव्हती. त्यांना वाली पुष्कळ. तिचा जीव अडकला होता आंब्यात. बुर्किना फासोमधल्या ओरोदाराच्या तीस बायका आंब्याच्या फोडी उन्हात सुकवून पाकिटं भरायच्या. त्यांची म्होरकी सालिमाता दरवर्षी एक पत्र लिहायची, अक्षर द्रिकापेक्षा बरं. वीस वर्षं दरवर्षी सहाशे पाकिटांची ऑर्डर द्रिका द्यायची, एक नोव्हेंबरच्या आत. त्या बायकांकडे शिक्का नव्हता. शिक्क्याची फी भरायला मोठी संस्था लागते, आणि या तीस जणी, त्यातल्याही चार दरवर्षी बाळंतीण. शिक्का नाही म्हणून कुठलंच सुपरमार्केट त्यांना उभं करत नव्हतं. दुकान गेलं की सहाशे पाकिटं गेली. यंदाच्या पत्रात सालिमातानं लिहिलं होतं, सुकवायच्या जाळ्या नव्या घेतल्या आहेत, तुमच्या भरवशावर.

तुमच्या भरवशावर. हे दोन शब्द वाचले आणि द्रिकानं आंब्याचं एक पाकीट पिशवीत टाकून काठी उचलली.

सुपरमार्केटच्या दारात पाऊल टाकणार नाही, अशी शपथ तिनं तीन वर्षांपूर्वी घेतली होती. म्हणून ती दाराबाहेर उभी राहिली आणि काचेवर काठी वाजवली. बास धावत बाहेर आला.

"आत या ना, लॅमरडिंकबाई, थंडी आहे."

"माझी थंडी माझ्यापाशी. ऐक. हे आंबे. सहाशे पाकिटं वर्षाला. ठेवशील?"

बासनं पाकीट उलटसुलट केलं. पोरगा वाईट नव्हता. सदतीस वर्षांचा, टक्कल पडायला लागलेलं, बायकोचे दिवस भरत आलेले, त्यामुळे डोळे तारवटलेले. "शिक्का कुठाय?"

"बायकांचे हात बघ की, तोच शिक्का."

"बाई, मला पटतं हो. पण फळीवर काय ठेवायचं ते हेड ऑफिस ठरवतं. मिठाची पुडी इकडची तिकडे करायची म्हटली तरी विचारावं लागतं. माझ्या हातात एकच फळी आहे, गावची. गावात बनलेलं असेल ते मी ठेवू शकतो. अंडी, मध, तुमच्या हार्मचे पाव. आंबे काही लिंडवेल्डेत पिकत नाहीत."

"तूही इथं पिकलेला नाहीस. तुला ठेवलाच ना आम्ही?"

बास हसला, पण पाकीट परत दिलं.

द्रिका तणतणत गेर्डाकडे गेली. गेर्डा हेसेलिंक ही हार्म पाववाल्याची बायको, द्रिकाची शाळेपासूनची मैत्रीण. द्रिका रागावली की गेर्डा बटाटे सोलायला घेते, म्हणजे हात चालू राहतात आणि मान आपोआप हलते.

"त्यानं माझा हात धरलाय, गेर्डा. सगळ्या आळीदेखत. माझ्या घरात मरण आलं आणि हा म्हणतो हेड ऑफिस!"

"अगं, दुकान म्हणजे काय माणूस आहे?"

"एक्केचाळीस वर्षं माझ्या घरात राहिलं. माझा नवरा अडतीसच राहिला."

"तरी पण."

"वेसेलिंकांचा घोडा गेला तेव्हा आळीनं कॉफी प्यायली नव्हती? तूच दोनदा पाव घेतलास लोणी लावून."

गेर्डाची सुरी थांबली. "घोड्याचं खरं आहे," ती कबूल झाली.

"मग झालं तर. घोड्याला होतं, माझ्या दुकानाला का नाही? आणि मयताच्या घरच्या गुरांना वैरण कोणी घालायची?"

"पहिल्या शेजाऱ्यानं."

"माझ्या दुकानाची गुरं म्हणजे हे आंबे. बघू आता काय म्हणतो सगळ्या गावापुढे."

गेर्डानं बटाटा पातेल्यात टाकला. "तू मेलीस ना द्रिका, तर तुझी जीभ वेगळी पुरावी लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी द्रिकानं रीतीप्रमाणे दुकानातलं भिंतीवरचं घड्याळ बंद केलं, आरशावर चादर टाकली आणि काळा कोट घालून पुन्हा त्या काचेवर काठी वाजवली.

"बास, माझ्याकडे मयत झालंय. तू पहिला शेजारी. शनिवारी तीन वाजता. दारोदार जाऊन सांगायचं, फोन करायचा नाही. डोक्यावर टोपी हवी, दारात काढायची. आणि कॉफी तू करायचीस."

बासचा चेहरा पांढराफटक. "अरे देवा! कोण गेलं?"

"दुकान."

बासनं वर बघितलं. खिडकीत त्याची बायको लूस उभी होती, पोटावर हात ठेवून. ती शेजारच्याच तालुक्यातली, तिला सगळं ठाऊक. तिनं वरूनच सांगितलं, "जा, बास. नाही गेलास तर आपल्या बाळाच्या वेळी पाणी तापवायला कुत्रं येणार नाही."

आणि बास गेला. लिंडवेल्डे अजून ती गोष्ट सांगतं. सुपरमार्केटचं निळं जाकीट, त्यावर सासऱ्याची काळी टोपी, ती कानांवरून खाली घसरणारी, आणि सायकल. एकूण त्रेसष्ट घरं. प्रत्येक दारात टोपी काढून तो म्हणायचा, "लॅमरडिंकबाईंचं दुकान वारलं. शनिवारी तीनला कॉफी." पहिल्या पाच घरी तो लाजला. सहाव्या घरी म्हाताऱ्या रोएरडिंकनं डोळे पुसले आणि त्याला जिनचा एक घोट दिला. त्यानंतर बहुतेक घरांनी दिला. त्रेसष्टाव्या घरी पोचेपर्यंत बास स्वतःच रडत होता, आणि सायकल त्याला घेऊन चालली होती की तो सायकलला, ते सांगणं अवघड होतं.

शनिवारी सगळं गाव लोटलं. मयताला न जाणं म्हणजे उद्या आपल्या मयताला कोणी न येणं, हा हिशोब सगळ्यांना पाठ. पुढच्या खोलीत मावेनात म्हणून माणसं अंगणात, गोठ्याच्या दारात. बास किटली घेऊन फिरत होता, कॉफी दुकानातलीच. हार्मनं मनुक्यांचे पाव आणले होते, वर बोटभर लोणी.

द्रिका काळा कोट घालून गल्ल्यामागे बसली. लोक येऊन हात दाबत होते. "फार वाईट झालं." "चांगलं होतं हो दुकान." "माझ्या आजीला तिथला मध आवडायचा."

"आजीला आवडायचा," द्रिका म्हणाली. "आणि तुला? तू शेवटचा कधी आला होतास, हेंक?"

हेंकनं पाव तोंडात कोंबला.

"विलेमीन, तू?"

"मी घेते की! शिक्क्याचीच कॉफी घेते. शिक्क्याशिवाय नाहीच घेत, द्रिका, शपथ."

"कुठून?"

विलेमीननं बासच्या किटलीकडे बघितलं. मग एकेकाचं बाहेर यायला लागलं. केळी? शिक्क्याचीच, शेजारून. चॉकलेट? तेच. साखर, कोको, तांदूळ? शेजारून, शेजारून, शेजारून. "आता सगळं एका पिशवीत मिळतं ना," कोणीतरी पुटपुटलं. "आणि तुझ्याकडे दोन ते चारच उघडं असायचं." "आणि तू ओरडायचीस," मागून आवाज आला.

"ओरडायची म्हणून तर इतकी वर्षं प्यायलात!" द्रिका कडाडली. मग काठी टेकून उभी राहिली. "बरं. झालं ते झालं. आता वैरणीचं बोला. मयताची गुरं पहिल्या शेजाऱ्यानं बघायची असतात. ओरोदाराच्या तीस बायकांचे आंबे आहेत. बास, सगळ्यांसमोर सांग."

बासनं किटली खाली ठेवली. त्यानं जाकिटाच्या आतून एक पिवळा पडलेला कागद काढला.

"बाई, आधी हे. मी तुमच्याविरुद्ध काढत नाहीये, देवाशपथ. जुन्या वाण्याचे कागद माळ्यावर होते, टोपी शोधताना त्यात हा सापडला. तुमचाच आहे, तुमच्याकडे असावा म्हणून आणला."

"वाच."

"'आम्ही खाली सही करणारे लिंडवेल्डेचे रहिवासी मागणी करतो की गावच्या दुकानानं न्याय्य भावाची कॉफी ठेवावी. ती एखाद्या घराच्या पुढच्या खोलीत दोन तास मिळून उपयोग नाही. ती तिथंच मिळाली पाहिजे, जिथं लोक बटाटे घेतात.' पस्तीस वर्षांपूर्वीची तारीख आहे." बासनं कागद तिच्याकडे वळवला. "पहिली सही तुमची आहे."

आधी म्हातारा रोएरडिंक हसला आणि मग सगळं अंगण हसलं. द्रिकानं कागद घेतला. आपली सही तिनं ओळखली. तेव्हाचं अक्षर जरा सरळ होतं. त्या सह्यांसाठी ती पावसात, कडेवर धाकट्याला घेऊन फिरली होती. वाण्यानं हाकलली होती, ती परत गेली होती, सात वेळा. आणि आता लोक तिथंच कॉफी घेत होते, जिथं बटाटे घेतात. जर्मनीत, स्वित्झर्लंडात, लीड्सला. तिनं मागितलं होतं ते अगदी तस्संच झालं होतं.

"म्हणजे मीच मारलं म्हणायचं," ती हळू म्हणाली.

"तूच जिंकलीस, येडे," गेर्डा म्हणाली.

"जिंकलेल्याच्या घरी मयताची कॉफी नसते पीत." पण तिचा आवाज मऊ झाला होता. तिनं कागदाची घडी घालून छातीशी ठेवली. "ठीक. दुकानाचं रडू पुरे. पण आंबे, बास. ते अजून बटाट्यांपर्यंत पोचलेले नाहीत."

"मला जमलं असतं तर आत्ता हो म्हटलं असतं," बास म्हणाला, आणि तो खरंच बोलत होता. "शिक्का नाही, गावात बनलेलं नाही. मी ठेवले तर सोमवारी कोणीतरी येऊन उचलेल, आणि मलाही त्यांच्याबरोबर."

द्रिका तोंड उघडणार, तेवढ्यात भिंतीपलीकडून धाड् धाड् आवाज आला. कोणीतरी लाटण्यानं भिंत ठोकत होतं.

"लूस!" बास दाराकडे धावला.

"थांब तिथंच!" द्रिका ओरडली. "तू अंगणातली कॉफी संपव. मयत अर्ध्यात सोडून जायचं नसतं. पहिली शेजारीण मी आहे."

"पण ती माझी बायको—"

"आणि तुझा काय उपयोग तिथं? गेर्डा, पाणी! हेंक, सुईणीला फोन कर, पाव गिळून मग कर!"

चौऱ्याहत्तर वर्षांची बाई काळ्या कोटात जिना चढली ती दोन दोन पायऱ्यांनी. वर जायचा रस्ता सुपरमार्केटमधूनच होता, बटाट्यांच्या आणि कॉफीच्या मधून, हे तिच्या लक्षातही आलं नाही. सुईण आली, तिनं विचारलं, कळा किती वाजता सुरू झाल्या? कोणालाच सांगता येईना, सगळे बंद घड्याळाखाली बसले होते. "दुसऱ्या किटलीला, खिडकीतून दिसत होती," लूसनं दात आवळत सांगितलं.

अंधार पडायच्या आत मुलगी झाली. बासला वर सोडलं तेव्हा त्याच्या अंगाला कॉफीचा वास येत होता आणि सासऱ्याची टोपी अजून डोक्यावर होती. द्रिकानं बाळ त्याच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "नाक तुझं आहे. बाकी ठीक होईल."

आता पाळी आली पावाची. बाळ झालं की पहिल्या शेजाऱ्यानं मनुक्यांचा गजभर पाव करवायचा आणि आळीनं तो शिडीवर ठेवून, खांद्यावर घेऊन बाळाच्या घरी न्यायचा. पाव जितका लांब तितका शेजार मोठा. सोमवारी द्रिका हार्मच्या भट्टीत जाऊन उभी राहिली.

"सव्वा गज."

"करतो," हार्म म्हणाला. "मनुके दे."

वीस वर्षं हार्म मनुके द्रिकाच्याच दुकानातून घ्यायचा. पण गोदामानं महिनाभर नवा माल दिला नव्हता आणि शेवटचे मनुके मयताच्या पावात गेले होते.

"शेजारून आण की, बासकडे आहेत," हार्म म्हणाला.

"बाळाच्या बापाच्याच दुकानातून मनुके आणून त्यालाच पाव द्यायचा? त्यापेक्षा त्याला बाळंतपणाचं बिल पाठव." द्रिकानं पिशवी उघडली. "हे घाल."

हार्मनं पाकीट बघितलं. "आंबे? मनुक्यांच्या पावात? माझा बाप कबरीतून उठेल."

"उठू दे. त्यालाही तुकडा दे."

हार्म दिवसभर कुरकुरत होता. फोडी आधी कोमट दुधात भिजवल्या, मग चिमूटभर दालचिनी घातली, मग कोणाला न विचारता आणखी तीन पाकिटं घातली. भट्टीतून पाव निघाला तेव्हा रस्त्यावरून जाणारी पोस्टाची बाई सायकलवरून उतरली. हार्मनं कडेचा एक तुकडा मोडून खाल्ला आणि मग, कोणी बघत नाही असं वाटून, दुसरा.

शिडीवर पाव, शिडीखाली आठ माणसं, पुढे द्रिका. सव्वा गजाचा तो पाव आडवा धरून सुपरमार्केटच्या दारातून नेता येईना, दार आपोआप उघडायचं आणि मध्येच मिटायचं. गिऱ्हाइकं हातातल्या टोपल्या ठेवून बघायला लागली. सीमेपलीकडून कॉफी घ्यायला आलेल्या दोन जर्मन बायका होत्या, त्यांनी विचारलं, हा वास कसला? विलेमीननं मोठेपणानं एक तुकडा त्यांना दिला. मग सगळ्यांनाच द्यावा लागला. वर लूसपर्यंत पोचेतो पाव सव्वा गजाचा पाऊण गज झाला होता.

लूसनं पलंगावर बसून एक तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसऱ्याला हात घातला. "बास, हा खाली का नाही मिळत?"

"हा?" बास म्हणाला. "हा तर..." आणि थांबला. त्यानं पावाकडे बघितलं, मग हार्मकडे. "हार्म, हा तुम्ही कुठे भाजला?"

"कुठे म्हणजे? माझ्या भट्टीत. चर्चच्या मागे. डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"म्हणजे गावात."

"नाही, पॅरिसला!"

बास हसायला लागला. बाळ दचकलं, तरी हसतच राहिला. "गावात बनलेला. गावची फळी. हेड ऑफिसला मला विचारायचीसुद्धा गरज नाही. आत काय घातलंय, ते पाववाल्यानं ठरवायचं."

खोलीत सगळ्यांनी एकदम द्रिकाकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती, जणू तिथं काही फार महत्त्वाचं चाललं होतं. एकदा तिनं कोटाच्या बाहीनं नाक पुसलं.

"आठवड्याला किती पाव?" तिनं विचारलं, पाठ न वळवता.

"वीस. जर्मन बायका आल्या तर तीस," हार्म म्हणाला.

"आणि माझ्या हिशोबासाठी एका पावाला किती फोडी लागतात, ते मला सांग, तू चोरून घातलेल्या तीन पाकिटांसकट."

त्याच संध्याकाळी, एक नोव्हेंबरला दोन दिवस असताना, द्रिकानं ओरोदाराला पत्र लिहिलं. लिहायला तिला वेळ लागतो, जीभ लवकर चालते पण पेन नाही. दुकान गेलं, असं तिनं लिहिलं. दुःख करू नका, मोठं म्हातारं होऊन गेलं. यंदा सहाशे पाकिटं नकोत, नऊशे पाठवा. आणि एका मुलीचा फोटो सोबत जोडते आहे, तिच्या वेळी तुमचे आंबे खांद्यावरून मिरवले गेले.

महिनाअखेर दुकानाची पाटी उतरली. बंद घड्याळ पहिल्या शेजाऱ्यानं सुरू करायचं असतं, ते बासनं केलं. सात मिनिटं पुढे लावलं, पण रॉटरडॅमच्या माणसाकडून आणखी काय अपेक्षा करायची?

पाव फळीवर आले त्या सकाळी द्रिका सुपरमार्केटच्या दारात आली. मागे बाळंतपणाच्या धावपळीत आणि पावाच्या वरातीत आत गेली होती ते मोजायचं नाही. दार आपोआप उघडलं. ती घटकाभर उभी राहिली, मग सरळ आत गेली, कॉफीवरून, केळ्यांवरून, प्रत्येकावरचा शिक्का बघत, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखी. गावच्या फळीपाशी थांबली. पाव खालच्या कप्प्यात होते, गुडघ्याच्या उंचीला, आणि वर डोळ्यांसमोर कोणाच्या तरी प्लमच्या जॅमच्या बरण्या.

तिनं बरण्या उचलून खाली ठेवल्या आणि पाव वर मांडायला लागली.

बास बाळाला पोटाशी बांधून धावत आला. "लॅमरडिंकबाई, अहो! कुठलं काय कुठे ठेवायचं, ते हेड ऑफिस ठरवतं!"

द्रिकानं शेवटचा पाव नीट सरळ केला.

"मग त्यांना कळव," ती म्हणाली, "पहिली शेजारीण येऊन गेली."